पार्किंगमधला एक धक्का आणि अकरा महिने कोर्टकचेरी

माझ्या पार्किंगच्या जागेवर खालच्या मजल्यावरच्या माणसाची गाडी उभी होती, महिन्याभरात तिसऱ्यांदा. नोव्हेंबर २०२३, शनिवार, साडेचारलाच अंधार पडलेला, बारीक पाऊस, मागच्या सीटवर सहा वर्षांचा पोरगा स्विमिंगवरून आलेला, ओलं डोकं, भूक लागली म्हणून कुरकुर. आमचं गाव लंडनच्या पश्चिमेला, मोटरवेच्या कडेला, फ्लॅटला एकच पार्किंग आणि ते नंबर टाकून दिलेलं. तो माणूस तिथंच सिगरेट ओढत उभा होता. मी गाडी चालूच ठेवली, उतरलो, फोनवर अलॉटमेंटचं पीडीएफ काढत त्याच्याकडं गेलो. मग जे होतं तेच झालं, आवाज चढले, तो माझ्या अगदी तोंडासमोर आला, छातीवर बोट टोचायला लागला, पोरगा दार उघडून "बाबा" करत खाली उतरला, त्या माणसाने डोकं पुढं झुकवलं आणि मी दोन्ही हातांनी त्याला मागं ढकललं. मागं फुटपाथची कड होती. तो पडला, ओठ कचऱ्याच्या डब्याला लागून फुटला, तळवा खरचटला.

रक्त बघितल्यावर माझं अवसानच गेलं. मी त्याला उठवायला वाकलो आणि सॉरी सॉरी म्हणत राहिलो. कुणीतरी ९९९ लावला होता. दहा मिनिटांत दोन पोलीस आले, छातीवर कॅमेरे लावलेले, आणि त्यांनाही मी तेच सांगितलं, सॉरी, मी ढकललं त्याला, असं करायला नको होतं. मला वाटलं समजूतदार माणूस दिसतोय म्हणून दोघांना समज देऊन सोडतील. ते सगळं रेकॉर्ड होत होतं. आणि तो माझ्या अंगावर डोकं घेऊन आला होता हे मी कुणाला सांगितलंच नाही, सॉरी म्हणण्यातच इतका गुंतलो होतो.

बायको खाली येऊन पोराला घेऊन गेली आणि मला अटक झाली. बेड्या घातल्या, समोरून. संशय कसला तर एबीएच, म्हणजे अॅक्च्युअल बॉडिली हार्म, प्रत्यक्ष शारीरिक इजा, १८६१ च्या कायद्याचं ४७ वं कलम, जास्तीत जास्त पाच वर्षं. १८६१, म्हणजे आपल्याकडं १८५७ चं बंड होऊन चार वर्षं झालेली, त्या काळातला कायदा अजून चालू आहे. हे सगळं अर्थात मला नंतर कळलं, त्या वेळी फक्त "हार्म" ऐकू आलं.

कस्टडीत एक उंच काउंटर असतं, बँकेसारखं, मागं सार्जंट. बुटांच्या लेस, हुडीची दोरी, बेल्ट, घड्याळ, फोन सगळं काढून प्लास्टिकच्या पिशवीत. बोटांचे ठसे, फोटो, गालाच्या आतून काडी फिरवून डीएनए. मातृभाषा विचारली, मराठी म्हटलं, दुभाषा हवा का विचारलं, मी ताठ होऊन नको म्हटलं, चौदा वर्षं इंग्रजीत नोकरी केलेला माणूस. मग विचारलं सॉलिसिटर हवाय का. आणि इथं मी मोठी चूक करणार होतो. डोक्यात दोनच विचार, एक म्हणजे वकील मागितला तर आपण गुन्हेगार वाटू, आणि दुसरा म्हणजे शनिवारी रात्रीचं बिल किती येईल. सार्जंट बरा माणूस होता, तो म्हणाला फुकट असतो बरं का, तुझा पगार कितीही असू दे. हे खरंच आहे, पोलीस स्टेशनमध्ये सॉलिसिटर सगळ्यांना फुकट मिळतो, उत्पन्नाची काही अट नाही, १९८४ च्या पेस (पोलीस अँड क्रिमिनल एव्हिडन्स) कायद्यातला हक्क आहे तो. फुकट म्हटल्यावर मी हो म्हटलं. सरळ सांगतो, हक्क वगैरेसाठी नाही, फुकट म्हणून.

मग कोठडी. निळी रेक्झिनची गादी, स्टीलचा संडास, दाराला फळी. चार्ज न लावता साधारण २४ तास ठेवू शकतात, ते घड्याळ स्टेशनला पोचल्यापासून सुरू होतं. मायक्रोवेव्हमधली व्हेज चिली आणि कागदी कपात चहा मिळाला, चहा वाईट नव्हता. साडेनऊला सॉलिसिटर आली, पन्नाशीची बाई, खांद्यावर मोठी पिशवी, पायात ट्रेनर, म्हणजे स्पोर्ट्स शूज. आधी पोलिसांकडून त्यांच्याकडं काय आहे ते काढून घेतलं आणि मग बंद खोलीत माझ्याशी बोलली. मी लगेच माझं पुराण सुरू केलं, तो कसा रोज गाडी लावतो, मॅनेजिंग एजंटला मी किती ईमेल केले, आम्ही कसे सभ्य लोक आहोत. तिने हात वर करून थांबवलं. म्हणाली ते सगळं राहू दे, ढकललंस त्या सेकंदाला तुला काय वाटलं ते सांग.

मी आठवून सांगितलं की त्याने डोकं पुढं आणलं, मला वाटलं आता कपाळ मारतोय, आणि पोरगा माझ्या मागं उभा होता. ती पेन टेकवून लिहायला लागली. म्हणाली हे तू पोलिसांना सांगितलंस? नाही. का नाही? मी म्हटलं, तो पडला होता ना.

मग तिने इथला कायदा सांगितला आणि माझी पहिली मोठी गैरसमजूत दूर झाली. असॉल्ट म्हणजे मारहाण असं मी धरून चाललो होतो. इथं कायद्याच्या भाषेत हातसुद्धा न लावता असॉल्ट होतो, समोरच्याला आत्ता मार बसणार अशी धास्ती घातली की झालं, प्रत्यक्ष हात लागला की ती बॅटरी, आणि दोन्ही मिळून रोजच्या बोलण्यात कॉमन असॉल्ट. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच्या वरची पायरी एबीएच, तिच्या वरची जीबीएच, म्हणजे ग्रीव्हस बॉडिली हार्म, गंभीर दुखापत, त्यात कलम २० ला पाच वर्षं आणि हेतू सिद्ध झाला तर कलम १८, जन्मठेपेपर्यंत. कुठल्या पायरीवर बसवायचं हे जखमेवर बरंच अवलंबून असतं, खरचटणं, सूज, काळानिळा डोळा, वरवरची चीर असल्या गोष्टी साधारण कॉमन असॉल्टमध्ये जातात, दात तुटला, शुद्ध हरपली, टाके पडले की एबीएच. आणि बचावाचं म्हणाल तर, मला त्या क्षणी जे खरोखर वाटलं ते धरून बघतात, माझा समज चुकीचा असला तरी, फक्त प्रामाणिक पाहिजे, आणि त्या समजाच्या मानाने वापरलेला जोर वाजवी पाहिजे. समोरच्याने आधी मारायची वाट बघायची गरज नाही. आणि हे मुख्य, मी स्वसंरक्षण केलं हे मला सिद्ध करायचं नसतं, ते तसं नव्हतं हे सरकारी पक्षाने सिद्ध करायचं.

इंटरव्ह्यूच्या आधी पोलीस एक वाक्य वाचून दाखवतात, तू बोललंच पाहिजेस असं नाही, पण पुढं कोर्टात ज्याचा आधार घेशील ते आत्ता विचारल्यावर सांगितलं नाहीस तर तुझ्या बचावाला बाध येऊ शकतो, आणि जे बोलशील ते पुरावा म्हणून वापरलं जाईल. अमेरिकन सिरियल बघून आपल्याला वाटतं गप्प बसणं हा साधा हक्क आहे, इथं गप्प बसण्यालाही किंमत लागू शकते. म्हणून तिने मधला रस्ता काढला. एक लेखी निवेदन, सात-आठ ओळींचं, त्यात बोट, डोकं, पोरगा, एक धक्का, बस, ते ती वाचून दाखवणार आणि नंतर प्रत्येक प्रश्नाला मी नो कमेंट म्हणायचं.

ऐकायला सोपं वाटतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला माणूस, मोठ्या माणसाने विचारलं की उभं राहून उत्तर द्यायचं हे हाडात मुरलेलं. समोरची पोलीस बाई अगदी गोड आवाजात विचारायची, तुझ्या मुलाला हे बघून काय वाटलं असेल? नो कमेंट. तुला वाईट वाटतंय का? वाटत होतं ना, तरी नो कमेंट. तुझं नाव काय घराच्या दारावर लिहिलंय का, असलं काहीतरी फालतू विचारलं तरी जीभ उत्तराला पुढं यायची आणि सॉलिसिटर टेबलाखालून पेनाने माझ्या गुडघ्याला टोचायची. सत्तावीस वेळा म्हटलं, मोजलं मी. घामाने शर्ट भिजला. आयुष्यात इतकं उद्धट मी कुणाशी वागलो नव्हतो आणि ते वागण्यासाठी शेजारी वकील बसवावा लागला.

निघताना एक पोलीस सहज म्हणाला की कबूल केलं असतंस तर कॉशनवर सुद्धा संपलं असतं. मला वाटलं कॉशन म्हणजे ताकीद, बरं झालं असतं की. बाहेर आल्यावर सॉलिसिटरने झापलं. कॉशन घ्यायला गुन्हा कबूल करावा लागतो, त्याची नोंद राहते, डीबीएसच्या, म्हणजे नोकरीसाठीच्या चारित्र्य तपासणीत येऊ शकते, व्हिसाच्या फॉर्मवर लिहावी लागते, आणि माझं तर आयएलआर, म्हणजे इथं कायम राहण्याचा परवाना, दीड वर्षावर आलेलं. रात्री दीडला घर गाठायला टॅक्सी केली, बुटाच्या लेस खिशात.

बेल मिळाला तीन महिन्यांचा, अट एकच, शेजाऱ्याशी प्रत्यक्ष किंवा दुसऱ्या कुणामार्फत संपर्क करायचा नाही. आता एकाच बिल्डिंगमध्ये राहून हे कसं जमवायचं. मी लिफ्ट सोडली आणि जिना धरला. आणि खरा त्रास पोलिसांकडून नाही, घरून सुरू झाला. दुसऱ्या दिवशी साताऱ्याला बाबांना सांगावंच लागलं. बाबा म्हणाले ३२३ लावलंय का? तेव्हाच्या आयपीसीचं किरकोळ दुखापतीचं कलम. त्यांच्या डोक्यातला हिशोब आपला नेहमीचा, किरकोळ मारामारी म्हणजे एनसी, अदखलपात्र, ठाण्यात दोघांना बोलावणार, साहेब दम देणार, मग आपसात मिटवायचं, कोर्टात गेलं तरी तडजोड करता येते. तिकडं कुणी ओळखीचं नाही का, असंही विचारून झालं. आई म्हणाली बायकोला त्यांच्याकडं पाठव, त्याची बायको असेल ना, दिवाळीचे लाडू आहेत ते दे, बाई बाईशी बोलली की मिटतं. आणि बायकोने खरंच डबा भरला होता. बेसनाचे लाडू, वर फॉइल लावून. मी सॉलिसिटरचं कार्ड हातात घेऊन दारात आडवा उभा राहिलो, कारण तिने नेमकं हेच बजावलं होतं, अट मोडली तर परत अटक, आणि साक्षीदाराला गप्प करायला गेला असा अर्थ निघाला तर तो वेगळा आणि याच्यापेक्षा भारी गुन्हा. लाडू आम्हीच खाल्ले.

हे आपल्या लोकांना पटवणं फार अवघड आहे की केस शेजाऱ्याची नसतेच. तो फक्त साक्षीदार. केस राजाच्या नावाने. त्याने उद्या सांगितलं मला काही तक्रार नाही तरी ती बंद होईल असं नाही, पुराव्यावर शिक्षा होण्याची बऱ्यापैकी शक्यता आहे का आणि खटला चालवणं लोकहिताचं आहे का हे बघून पोलीस आणि क्राउन प्रॉसिक्यूशन सर्व्हिस ठरवतात. (हे सगळं इंग्लंड-वेल्सचं, स्कॉटलंडचा कायदा वेगळा.)

तीन महिने झाले, बेल संपला, पत्र आलं की चौकशी चालू आहे पण अट नाही. ऑफिसमधला एक मित्र म्हणाला सहा महिने गेले की संपलं बघ, ते अर्धवट खरं होतं, कॉमन असॉल्टला घटनेपासून सहा महिन्यांच्या आत चार्ज लावावा लागतो. मी कॅलेंडरवर मेमधली तारीख गोल करून ठेवली होती. मार्चच्या शेवटी पोस्टाने पाकीट आलं. साध्या पोस्टाने, पिझ्झाच्या जाहिरातीच्या खाली.

त्यात लिहिलं होतं असॉल्ट बाय बीटिंग, १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस अॅक्टचं कलम ३९. बीटिंग! मी खुर्चीतच बसलो. एक धक्का दिला आणि यांनी बदडून काढलं असं लिहिलंय. संध्याकाळी सॉलिसिटरला फोन केला तर ती चक्क खूश, म्हणाली एबीएचवरून खाली आलं, आणि बाय बीटिंग ही नुसती कायद्याची जुनी बोली आहे, हात लागला एवढाच अर्थ, बोट लावलं तरी बीटिंगच. म्हणजे शब्द तेच पण त्या इमारतीत शिरले की वेगळे होतात. हे पुढं माझ्याच एका वाक्याचं झालं.

पैशांचं सांगतो, कारण हे कुणी मोकळेपणाने बोलत नाही. स्टेशनमधला फुकटपणा स्टेशनच्या दारात संपतो. मॅजिस्ट्रेट कोर्टासाठी लीगल एडला, म्हणजे सरकारी खर्चाच्या वकिलाला, उत्पन्न बघतात, जोडीदाराचंही धरून, आणि घरातली माणसं हिशोबात घेऊन आकडा २२,३२५ पौंडाच्या वर गेला की मिळत नाही. आम्ही वर होतो. कोर्टात ड्यूटी सॉलिसिटर असतो पण तो पहिल्या तारखेपुरता, खटला लढवत नाही. तीन ठिकाणी फोन केले. एकाने केस न ऐकताच फी सांगितली. दुसरीकडं फी कमी होती पण उभं कोण राहणार विचारलं तर उत्तर नाही. शेवटी त्याच ट्रेनरवाल्या बाईकडं गेलो, ठरीव फी २४०० पौंड, व्हॅट धरून, दुसरा दिवस लागला तर वेगळे. इंडियाची तिकिटं काढायचे पैसे होते ते.

पहिल्याच भेटीत तिने विचारलं, गाडी चालू होती म्हणालास, डॅशकॅम आहे का? होता की! मी विसरूनच गेलो होतो. पण पाच महिने झालेले, त्यावर कधीच दुसरं रेकॉर्ड होऊन गेलं असणार. घरी सांगितलं तर बायको शांतपणे म्हणाली की त्या रात्री मी कार्ड काढून ठेवलंय, मसाल्याच्या डब्याच्या कप्प्यात. मला न सांगता. मी विचारलं नाही म्हणे.

क्लिपमध्ये सगळं होतं. हेडलाइटच्या उजेडात तो पुढं येतो, बोट, बोट, डोकं झुकतं, माझे हात, तो पडतो. सॉलिसिटर पुढं वाकून बघत होती. पण आवाजही होता. गाडीतून उतरताना मी पोराला म्हणतो, "बस तू, थांब, दाखवतोच त्याला."

तिने विचारलं काय म्हणालास? मी भाषांतर करायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. आय विल शो हिम. मराठीत मी पीडीएफ दाखवणार होतो, फोन हातात होता, पण तेच वाक्य इंग्रजीत सरळ धमकी, आणि खरं सांगायचं तर मराठीतही ते धमकी म्हणून वापरतातच, दाखवतो तुला, बघतोच तुला. मी स्वतःशी किती प्रामाणिक होतो देव जाणे, थोडा राग त्या "च" मध्ये होताच. ती म्हणाली तुझ्या विरोधातलं असेल तर तू होऊन द्यायलाच पाहिजे असं नाही, पण चित्र वापरायचं तर आवाजही द्यावा लागेल, आपल्याला सोयीचं तेवढं कापता येणार नाही. दोन दिवस झोप नाही. शेवटी दिलं, सर्टिफाइड भाषांतर करून, भाषांतरकाराने दोन्ही अर्थ लिहिले. त्याचे १८० पौंड वेगळे.

एप्रिलमध्ये पहिली तारीख. कबूल करतोस की नाही एवढंच विचारतात. सुरुवातीलाच गुन्हा कबूल केला तर शिक्षेत एक तृतीयांश सूट असते, आणि माझ्यासारख्याला बहुतेक दंड आणि शेजाऱ्याला भरपाई यावर भागलं असतं असं तिने स्पष्ट सांगितलं. मोह झाला. पण रेकॉर्ड लागलं असतं. मी नॉट गिल्टी म्हटलं, आवाज फाटला, परत म्हणावं लागलं.

खटल्याची तारीख लागली ऑक्टोबरची. ज्यूरी नाही, कॉमन असॉल्टला ती मिळतच नाही. समोर तीन मॅजिस्ट्रेट, त्यांना पगार नसतो, वकीलही असावे लागत नाहीत, खाली कायदा सांगायला एक लीगल अॅडव्हायजर. मधल्या बाई आमच्या गल्लीतल्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंसारख्या दिसत होत्या, चष्मा साखळीला. शेजारी म्हणाला, याने मला ठोसा मारला. समोरच्या फ्लॅटमधल्या साक्षीदाराने फक्त पडताना बघितलं होतं. मग पोलिसाच्या कॅमेऱ्यातलं माझं सॉरी लावलं. स्वतःला एवढ्या मोठ्या स्क्रीनवर हात जोडल्यासारखं उभं बघून लाज वाटली.

सरकारी वकिलाने विचारलं, तुमचं काही चुकलं नव्हतं तर सॉरी का म्हणालात? मी म्हटलं, तो पडला होता, त्याला लागलं होतं. पाच वेळा? मी म्हटलं, रक्त थांबत नव्हतं. मग त्याने "दाखवतोच त्याला" काढलं. मी फोनबद्दल सांगितलं. तो म्हणाला तुम्ही चिडला होतात. हो, चिडलो होतो. हे मी आधी ठरवलं नव्हतं, निघून गेलं तोंडातून, सॉलिसिटरकडं बघायची हिंमत झाली नाही. तिने परत प्रश्न विचारताना एवढंच केलं, क्लिप त्या वाक्याशी थांबवली, माझ्या हातात उजेड असलेला फोन दाखवला, आणि पुढं चालवून डोकं झुकतं तिथं थांबवली.

चाळीस मिनिटं बाहेर बाकावर बसलो. व्हेंडिंग मशिनने माझं एक पौंडाचं नाणं गिळलं. आत बोलावलं, उभं केलं, बाईंनी कागद वाचला की धक्का दिला हे उघड आहे, पण आरोपी स्वसंरक्षण करत नव्हता अशी आमची खात्री होऊ शकत नाही, म्हणून निर्दोष. निर्दोष म्हणजे शेजारी खोटा असं ते म्हणाले नाहीत. खात्री नाही, एवढंच म्हणाले.

खर्च परत मागता येतो, पण लीगल एडच्या दराने, त्यामुळे भरलेल्यापैकी निम्म्याहून कमी आले, तेही चार महिन्यांनी. शेजारी अजून खालीच राहतो, माझ्या जागेवर गाडी लावत नाही, आता दुसऱ्या कुणाच्या तरी लावतो. गेल्या महिन्यात ऑफिसने अमेरिकेला जायला सांगितलं, त्यांच्या व्हिसा फॉर्मवर प्रश्न आहे, कधी अटक झाली आहे का. नुसती शिक्षा नाही, अटकेबद्दलही विचारतात. हो लिहिलं, खाली चौकोनात काय झालं ते चार ओळींत लिहिलं, आणि कोर्टाच्या रजिस्टरचा उतारा मागवलाय, तो अजून आलेला नाही.